कुंडावरचा हात

तिनं माझ्या हातांवर पाणी ओतलं आणि मग एकेक बोट धरून खोबरेल तेल चोळलं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम ते. चर्चच्या आवारातला नळ, गवतावर पालथं घातलेलं घमेलं, आणि ती म्हणतेय, मुठी मिटू नका, तेल जिरू द्या. चुना हात खातो. दिवसभर ओल्या चुन्यात काम केलं की बोटांच्या चिरा उलतात. लग्न झाल्यापासून ती हे करत आली होती.  

दिवाळी अंकवाली पोरं म्हणाली, काका, तुमच्या कामाबद्दल लिहा. आपल्या मंडळात सगळे डॉक्टर, नर्स, फार्मसीवाले, वेलिंग्टनला गेलात तर कॉम्प्युटरवाले. दगडाचं काम करणारा मी एकटा. शाळा चौथीपर्यंत. जावई म्हणाले, मी शुद्ध करून देतो. मी म्हटलं, तुम्ही शुद्ध केलं की ते तुमचं होईल. तेव्हा आहे तसं वाचा.

आम्ही पाथरवट, वाईच्या बाजूचे. जाती, पाटे, उखळी, नंदी, समाधीचे चौथरे. काळा दगड हट्टी असतो, दिवसभर ठोकावं तेव्हा तळहाताएवढं काम दिसतं. मुलगी सुनंदा नर्स झाली, हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात लागली आणि तिनं आम्हा दोघांना इकडे बोलावून घेतलं. आल्यावर थोडे दिवस मी टीव्ही बघितला. मग तिच्या बागेतले दगड उचलून इकडचे तिकडे करायला लागलो. तेव्हा ती घाबरली आणि तिनं मला कबरींचे दगड घडवणाऱ्या एका यार्डात नेऊन उभं केलं. मालक रॉस. त्यानं माझ्यापुढे एक टाकी आणि हातोडी ठेवली. मी त्याची टाकी बघून परत ठेवली आणि पिशवीतली माझी काढली. तो हसला. तेवढीच मुलाखत. बाबूरावाचं त्यानं पहिल्याच दिवशी बॉब करून टाकलं.

कबरीच्या दगडाचं गिऱ्हाईक रडत येतं असं लोकांना वाटतं. बहुतेक जण भांडत येतात. नवऱ्याचं नाव मोठं की बायकोचं, कोणाच्या बाजूला किती जागा सोडायची. एक गायवाला म्हातारा तर स्वतःचाच दगड करून घ्यायला आला. काम बघायला म्हणून यायचा आणि त्याच दगडावर बसून मटणाचा पाय खायचा. पाय म्हणजे इथला तो मैद्याचा, आत खिमा भरलेला. एकदा तक्रार केली, हा दगड फार गार लागतो. रॉस म्हणाला, तो तुझ्या डोक्याशी उभा राहणार आहे, बुडाखाली नाही. म्हातारा म्हणाला, मग हरकत नाही, आणि उरलेला पाय संपवला.

तारा, माझी बायको, डबा घेऊन यार्डात यायची आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसायची. घरी नात शाळेत, मुलगी-जावई कामावर, भिंतींशी काय बोलणार. आमच्यात दगड घडवून नव्या जागी निघाला की घरच्या बाईनं त्याला हळद लावायची असते. मग तो पाटा असो की नंदी. मी तिला म्हटलं, इथं हे नको, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "दिसंल तिथं कशाला लावू मी?" दगडाचा जो भाग जमिनीत जातो तिथं ती एक बोट टेकवायची. रॉसनं एकदा पाहिलं आणि विचारलं, हे काय. मी म्हटलं, गॅरंटी. पुढे तोच दगड गाडीत चढवायच्या आधी थांबायचा आणि विचारायचा, ताराचं झालं का. आमच्या या वायकाटो भागात कितीतरी माणसं हळद लागलेल्या दगडाखाली निजली आहेत आणि त्यांच्या घरच्यांना ते माहीत नाही.

तर ते कुंड.

हॅमिल्टनपासून गाडीनं तासभर लांब एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथलं चर्च लाकडी, पांढरं, बुटक्या खांबांवर उभं, मागं कबरी आणि त्यांच्या मागं गाई. आत दाराजवळ दगडी कुंड. लहान बाळ आणतात, त्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर घालतात आणि त्याचं नाव घेतात. चर्च शंभरेक वर्षांचं, पण कुंड इंग्लंडातून जहाजानं आणलेलं, पाचशे वर्षांपूर्वीचं. तिकडचं एक चर्च पाडलं तेव्हा कुणीतरी उचलून आणलं म्हणे. त्या घडणीला गॉथिक म्हणतात आणि हे त्यातलं अगदी शेवटच्या काळातलं, असं रॉसनं सांगितलं. मला नाव कळून काय करायचं. मी हात फिरवून पाहिलं.

आठ बाजू. प्रत्येक बाजूवर टोकदार कमान आणि तिच्यात चार पाकळ्यांचं फूल. खाली पंखवाले देवदूत, खांद्यावर कुंड तोलून उभे. दगड मऊ, दुधावरच्या सायीच्या रंगाचा. काळ्या दगडात आयुष्य घातलेल्या माणसाला असल्या दगडावर टाकी धरायची लाज वाटते. पण घडवणारा पक्का होता. टाकीचे घाव सगळे डावीकडून उजवीकडे उतरत होते, म्हणजे डावखुरा. पाचशे वर्षांपूर्वी मेलेला माणूस कुठल्या हातानं जेवत होता ते मला कळलं. आणि देवदूतांना तोंडं नव्हती. झिजली नव्हती, फोडली होती. तिकडे धर्मावरून भांडणं झाली तेव्हा फोडली, असं रॉस म्हणाला. प्रत्येकाच्या तोंडावर नेम धरून एकच घाव. पंखांना, बोटांना धक्का नाही.

दुखणं काठाला होतं. काठात जुन्या लोखंडाचे दोन तुकडे रुतलेले होते. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगडाला आतून फोडतं. तसा एका बाजूचा काठ फुटला होता, आणि मध्ये कुणीतरी तिथं सिमेंट थापून आणखी वाट लावली होती. मऊ दगडाला सिमेंट म्हणजे आजाऱ्याला पहिलवानानं मिठी मारण्यासारखं. तिथं चुनाच लागतो. मी रॉसला विचारलं, काठाला लोखंड कशाला? तो म्हणाला, झाकणाला कुलूप असायचं. लोक जादूटोण्यासाठी आतलं पाणी चोरून न्यायचे.

हे मी ताराला मराठीत सांगितलं. ती कुंडाकडे बघत म्हणाली, "पानी बाहेर जाऊ नये म्हनून कुलूप, का आतलं काय बाहेर येऊ नये म्हनून?"

मी म्हटलं, तू डबा उघड.

पण ते कुंड आवाज करायचं, हे खरं. त्याच्या तळाला भोक आहे. तिथून पाणी खाली जमिनीत जातं, ते पाणी कुठं दुसरीकडे ओतायचं नसतं. चर्चखाली वारा वाहिला की त्या भोकातून वर यायचा आणि कुंड घुमायचं. कारण मला पहिल्या दिवशीच कळलं. तरी ऐकताना कारण आठवायचं नाही. लहान मूल सर्दीत झोपलं की नाकातून जसा आवाज करतं, तसा. मध्येच थांबायचा. मग आपणही थांबायचो, पुन्हा येतो का ते बघत. ताराला भीती वाटत नव्हती. ती काम करता करता त्याच्याशी बोलायची. "हां, हां, झालं आता," असं.

किल्ली नायरीकडे असायची. ही माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतली बाई, माझ्याच वयाची, अंगानं भरभक्कम, चर्चची सगळी व्यवस्था बघणारी. रविवारी तिच्याच नातीचं नाव त्या कुंडावर ठेवायचं होतं. तिच्या लेकीला हे मूल फार वर्षांनी, फार त्रासानंतर झालेलं. त्या पोरीचा चेहरा सदा घाबरलेला, बाळाला कुणी नुसतं बघितलं तरी ती त्याच्यावर दुपटं ओढायची. मी काठ दुरुस्त करून शनिवारच्या आत कुंड द्यायचं असं ठरलं होतं. नायरी आणि तारा यांना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण कबरींच्या बाजूनं बाहेर पडताना फाटकाशी ठेवलेल्या बाटलीतल्या पाण्यानं नायरी हात धुवायची, ते ताराला पहिल्याच दिवशी पटलं. दुसऱ्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या हातांवर पाणी घालायला लागल्या.

गंजकं लोखंड काढलं. सिमेंट खरवडलं. फुटलेला भाग चौकोनी कापून तिथं इथल्याच, तशाच सायीच्या रंगाच्या मऊ दगडाचं ठिगळ बसवलं. वीतभर लांब, वीतभर उंच, साधं, त्यावर नक्षी नाही. मागं सगळा ओला चुना. ताराला प्रश्न पडला की हळद कुठं लावायची. कुंड काही जमिनीत पुरायचं नव्हतं, न दिसणारी बाजूच नाही. मी दाराशी हत्यारं भरत होतो. म्हटलं, लाव कुठं तरी, उद्या घासायला यायचंच आहे, पुसून टाकीन. ती म्हणाली, "जुना दगड त्यांच्या बायकांनी कवाच पुजला असंल. नवा तुकडा आपला." मी पाठमोरा होतो. मग एकदम शांत झालं. कुंडाचा आवाज बंद झाला होता.

"निजलं," ती म्हणाली.

मी येऊन पाहिलं. ठिगळावर थोडं पिवळं दिसत होतं, सायीच्या रंगावर फार उठून नाही. तिचा तळवा मात्र सगळा पिवळा होता. मी विचारलंही नाही की नेहमीसारखं एक बोट का नाही. बाहेर नळावर गेलो, तिनं तेल लावलं, ते वर सांगितलंच.

घरी आलो. ती मेथी निवडायला बसली. थोड्या वेळानं म्हणाली, जरा पडते. सुनंदा घरीच होती, तिनं आवाजावरून ओळखलं. तिनं आईला जमिनीवर घेतलं, छाती दाबली, अँब्युलन्स आली तरी दाबतच होती, त्यांनी तिला बाजूला केलं. दिवेलागणीला सगळं संपलं. ज्या हॉस्पिटलात मुलगी ड्यूटी करते तिथंच तिची आई पांढऱ्या चादरीखाली. यावर मला जास्त लिहायचं नाही.

सकाळी घर भरलं. हॅमिल्टनमधली सगळी मराठी माणसं, लांबच्या ओटाहुहूचेही काही जण आले. बायका चहा करत होत्या. तिला कुंकू, हिरवी साडी, काय काय लागेल ते बोलत होत्या. जावई फोनवर भारतात. मला कुणी काही करू देत नव्हतं. मला खुर्चीत बसवलं होतं, देवासारखं. तेवढ्यात फोन वाजला, मी जवळ होतो, मीच उचलला. रॉस. त्याला काही माहीत नव्हतं. म्हणाला, "बॉब, चर्चमधून फोन होता. कुंडावर रक्ताचा हात उमटलाय म्हणतात. नायरीची मुलगी बाळाला आत आणायला तयार नाही. काय आहे हे?"

मी म्हटलं, बघतो. तारा गेली हे त्याला न सांगताच फोन ठेवला.

गाडीची चावी घेतली. सुनंदा म्हणाली, बाबा, आज? एका डॉक्टरच्या आई तिथं बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, सुतकात देवळात जाऊ नये हो. मी म्हटलं, देऊळ माझं नाही, काम माझं आहे. सुनंदानं मला दारापर्यंत सोडलं. माझी कॉलर नीट केली. तिच्या आईला आणायला दुपारी जायचं होतं. "तोवर याल ना?" एवढंच तिनं विचारलं.

तिकडे नायरीची लेक गवतावर बाळाला घेऊन उभी होती, चर्चला पाठ करून. नायरी दारात होती. "किया ओरा, बॉब," म्हणाली, म्हणजे त्यांचा नमस्कार, आणि बाजूला झाली.

हात लाल होता. सांडल्यासारखा किंवा डागासारखा नव्हे. तळवा, पाच बोटं, करंगळीच्या बाजूची कापल्याची जुनी रेघसुद्धा. आपल्या बायकांना सांगायला नको, हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू तसंच तर करायचे. रात्रभरात मागच्या चुन्याची ओल मऊ दगडातून पुढं झिरपली आणि हळदीपर्यंत पोचली. तारा असताना तो हात पिवळा होता. ती गेल्यावर लाल झाला.

इथपर्यंत मला सगळं कळतं. पुढचं कळत नाही. बोटं खाली होती आणि मनगट वर काठाशी. समोर उभं राहून हात टेकवला तर बोटं वर येतात. हा हात कुंडाच्या आतून काठावरून बाहेर आल्यासारखा होता. मी पलीकडच्या बाजूला जाऊन, कुंडावर ओणवा होऊन बघितलं. माझा हात पोचत नव्हता. तारा माझ्या खांद्याएवढी. ती तिथवर कशी पोचली, किंवा समोर उभी राहून मनगट असं उलटं का वळवलं, ते मी पाठमोरा असल्यामुळे मला कधीच कळणार नाही.

नायरी मागून म्हणाली की फादरचा निरोप आहे, रविवारच्या आत घासून टाका. लेक म्हणते हे असेल तर बाळाचं नाव इथं नको, कुठंच नको.

मी म्हटलं, रक्त नाही. हळद आहे. माझ्या बायकोचा हात आहे.

"मग तिलाच घेऊन ये," नायरी म्हणाली. "माझ्या मुलीला ती दाखवेल आपला हात. तिचं ऐकेल ती."

माझं इंग्रजी कामापुरतं. त्यात हे वाक्य नव्हतं. मी म्हटलं, "तारा फिनिश्ड. यस्टरडे."

नायरीनं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं, आणि तशीच रडली. मोठ्यानं. घरात एवढी माणसं होती, पण सगळी हळू आवाजात बोलत होती. माझ्यासमोर मोठ्यानं रडलेलं पहिलं माणूस ती. मग माझंही सुटलं.

डोळे पुसून ती म्हणाली, "राहू दे तो हात. मी फादरला बघते, मुलीलाही बघते. कुणी हात लावणार नाही त्याला."

तिनं तो ठेवला असता. बाई शब्दाची होती. पण बाहेर तिची लेक उभी होती, दुपटं बाळाच्या तोंडावरून ओढत. ती प्रत्येक वेळी हे बघणार आणि बाळाला छातीशी आवळणार. मी पॉलिशचा कागद काढला, भिजवला. करंगळीच्या टोकावर एकदा फिरवला. खाली लाल. पुन्हा फिरवला, आणखी लाल. रंग आत गेला होता. पूर्ण जायचा तर अर्धा दगड घासावा लागला असता, बोटाबोटानं. मी कागद खाली ठेवला. माझ्यानं ते होईना.

मग बोटानं ठिगळाची सांध दाबून पाहिली. चुना अजून ओला होता. सिमेंट असतं तर रात्रीत दगड झालं असतं. चुना घाई करत नाही. मी पातळ पातं घेतलं आणि चारही बाजूंनी हळूहळू सोडवत आलो. नायरीला म्हटलं, खाली हात धर. ठिगळ अख्खं सुटून तिच्या हातात आलं, आणि त्याच क्षणी कुंडातून तो आवाज पुन्हा सुरू झाला. नाकातून श्वास घेतल्यासारखा. मी दारातून बाहेर बघितलं. वारा अजिबात नव्हता, गवत हलत नव्हतं, त्या पोरीच्या हातातलं दुपटंही नाही. नायरीनं ऐकलं. तिचा चेहरा बदलला. ठिगळ छातीशी धरून ती तिच्या भाषेत खालच्या आवाजात काही म्हणायला लागली. प्रार्थना असावी. थांबली नाही.

मी खाचेतला जुना चुना काढला, नवा कालवून भरला. नायरीनं म्हणता म्हणताच ठिगळ पुढं केलं, लाल बाजू माझ्याकडे. मी ते तिच्या हातातून घेतलं. जड नव्हतं. एकदा त्यावर माझा हात ठेवून पाहिला, माझी बोटं तिच्या बोटांच्या बरीच पुढं गेली. मग दगड फिरवला. हात आत केला, कुंडाच्या अंगाला, ओल्या चुन्यात, आणि मागची कोरी बाजू बाहेर ठेवून ठिगळ बसवलं. लाकडी मोगरीनं चार ठोके दिले. सांध भरली, ओल्या फडक्यानं पुसली. नायरीनं दारात जाऊन लेकीला हाक मारली. ती बाळाला घेऊन आत आली, लांबूनच बघितलं, मग जवळ येऊन बघितलं.  दुपटं बाळाच्या तोंडावरून बाजूला केलं.

आवाज थांबला होता की नाही, ते ऐकत मी उभा राहिलो नाही. हत्यारं उचलली, गाडी काढली आणि ताराला आणायला हॅमिल्टनला गेलो.